सर्व्हरची खंडेनवमी

त्या काळी मी साताऱ्याहून गावोगावी जाऊन कॉम्प्युटरची नेटवर्कं जोडून द्यायचो. काम बरं यायचं, पण तोंड ताब्यात नव्हतं. कुणाची चूक दिसली की आधी खेकसायचं आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, ही माझी पद्धत.

सांगलीतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मीच सर्व्हर बसवला होता. तिथली सगळी मशिनं आपली माहिती त्यात ठेवायची. आत दोन हार्ड डिस्क होत्या आणि दोन्हींवर मजकूर एकच, म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रंथपालांचा फोन आला, सर्व्हर चालू होईना. मिळेल त्या एसटीनं मी निघालो.

ग्रंथपाल वडूजकडचे, निवृत्तीला टेकलेले. जन्म पुस्तकांत गेला तरी बोलणं गावाकडचंच राहिलं होतं. सर्व्हरवर हळदकुंकू आणि सुकलेला झेंडू दिसला, तसं काय झालं असेल ते माझ्या लक्षात आलं.

"सर, हा बंद केला होता?"

"व्हय, खंडेनवमीला. दोन वर्सं रातध्याड राबतंय बिचारं. त्या दिशी समद्या हत्यारांना इसावा असतोय, म्हटलं ह्येलाबी असू दे."

मी भडकलोच. दोन वर्षं अखंड फिरलेली डिस्क थांबून गार पडली की आतली सुई तबकडीला चिकटून बसते, मग ती फिरतच नाही. दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या, त्यामुळे दोन्ही एकदमच चिकटल्या होत्या. "कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला?" मी वडिलांच्या वयाच्या माणसावर ओरडलो.

ड्रॉवर चाचपून त्यांनी सर्व्हरमधल्या माहितीची नक्कल उतरवून ठेवायची टेप काढून दिली. "तुमी सांगितल्यावानी दर शनवारी न चुकता घातली हाय."

टेप कोरी निघाली. ती भरतेय की नाही हे मी दोन वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. आता ओरडायचं कुणावर?

पुस्तकांची यादी कागदी दाखल नोंदवहीवरून पुन्हा करता आली असती. पण प्रोग्रॅममध्ये मी 'शेरा' म्हणून एक मोकळी जागा ठेवली होती. तिथं त्यांनी प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, हे पुस्तक कुणी वाचावं, कशासाठी वाचावं. पडद्याला नाक लावून, एका बोटानं. त्या ओळी कागदावर कुठंच नव्हत्या. आणि मधल्या काळात काचबिंदूनं त्यांची नजर इतकी गेली होती, की छापलेलं अक्षर आता दिसत नव्हतं. ते काम त्यांच्याकडून पुन्हा होणं नव्हतं.

चिकटलेली डिस्क सोडवायची एकच युक्ती मला माहीत होती. वीज द्यायची आणि त्याच क्षणी मनगटानं डिस्कला गर्रकन हिसका द्यायचा. पहिल्या डिस्कला मी रागाच्या भरात जोरात हिसका दिला. आतून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला आणि ती कायमची गेली.

दुसरी डिस्क मी उचलली आणि तशीच परत ठेवली. त्यांना ते दिसलं नसणार, पण कळलं. "दुसरी जरा माझ्याकडं द्या. लय गारठलीया म्हनता न्हवं?" उपरण्यात गुंडाळून ती मांडीवर घेऊन ते पायरीवर उन्हात बसले. मीही शेजारी बसलो. मग मी म्हणालो, "सर, टेपची चूक माझी आहे. मी उगाच तुमच्यावर ओरडलो."

"भ्यालता तुमी," ते म्हणाले. "म्याबी भ्यालोय."

अर्ध्या तासानं आम्ही आत आलो. डिस्क ऊबदार झाली होती. वायरी जोडल्या, डिस्क तळहातावर धरली, वीज दिली आणि कुलपात किल्ली फिरवावी तेवढंच मनगट वळवलं. एक टक झालं. मग बारीक घूं असा आवाज सुरू झाला आणि चढत गेला.

"फिरली!" माझ्याआधी तेच म्हणाले.

मी ताबडतोब सगळं सोबत आणलेल्या नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. ते संपेस्तोवर कुणी खुर्चीवरून उठलं नाही. संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "शेरं हाईत का? एखांदा वाचा की."

समोर आला तो मी वाचला. शेळीपालनाचं पुस्तक होतं. "शेळ्या पाळायच्या नसल्या तरी वाचावं. लेखकाला प्रत्येक शेळीचा स्वभाव माहीत आहे."

त्यांनी मान तिरकी केली. "ह्ये म्या लिवलंय?"

"तुम्हीच, सर."

"काय बी आठवत न्हाई गड्या." पडद्याच्या दिशेनं तोंड करून ते पहिल्यांदा हसले. "पर बरं लिवलंय. फुडचं वाचा."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पुढचं वाचायला लागलो.