अक्कानं सांधलेला पाय

निरोप आला तेव्हा मी जळगावला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एका ड्रायव्हरची गचांडी धरून उभा होतो. फोन घेणारा म्हणाला, "पारोळाहून फोन शे. तुमनी अक्का गई." माझा हात आपोआप सुटला... त्याला आता दीड महिना झाला. माझ्यासारख्या मारकुट्या माणसानं पेपरात लिहावं, हे ऐकून अक्का पोट धरून हसली असती. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचे आबा हाडवैद. त्यांनी आधी मलाच शिकायला बसवलं. बोकडाची मोडलेली हाडं गोणपाटात गुंडाळायचे आणि वरून चाचपून सांग म्हणायचे, कुठं मोडलंय ते. मी दोन दिवसांत गोणपाट भिरकावलं. अक्का, माझी थोरली बहीण, दारामागून बघायची. तिनं पुढं येऊन डोळे मिटले, बरोबर जागेवर अंगठा ठेवला आणि आबांना आनंदानं रडूच कोसळलं. मग त्यांनी तिलाच शिकवलं. लग्नानंतर पारोळ्यात तिच्या दारी लांबलांबून बैलगाड्या यायला लागल्या. तिची एक रीत होती, आबांचीच. हाड ओढताना त्या माणसाला मागून छातीशी कवळून धरायचं ते त्याच्याच माणसानं, परक्यानं नाही. ती एक पैसा घ्यायची नाही.

दाजींना हे खुपायचं. परक्या पुरुषांच्या मांड्या चाचपते म्हणून मारायचे. अक्का आमच्यापासून लपवायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी यावलला ट्रकमध्ये केळी भरत होतो. पारोळ्याचा एक ओळखीचा भेटला आणि मान खाली घालून म्हणाला, काल दाजींनी अक्काचा उजवा अंगठा पाट्यावर धरून वरवंट्यानं ठेचला. माझं डोकंच फिरलं. केळी तिथंच टाकली, तडक पारोळा गाठला, टॉमी काढली. चाक खोलायची ती लोखंडी टॉमी. दाजी ओट्यावर जेवत होते. पहिला घाव नडगीवर बसला. कट् असा आवाज आला. मी त्याच जागी दुसरा घातला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं! तिसरा डोक्यात घालणार, तेवढ्यात अक्का मधे पडली. तिच्या हाताचं फडकं रक्तानं भिजलेलं होतं.

तिनं मला ढकललं आणि त्याच्या पायाशी बसली. म्हणाली, "धर त्याले."

"मी? मुडदा पाडीन मी याचा!"

"तूच मोडा ना? मंग तूच धर. आठे त्याले दुसरं कोन शे?"

धरलं मी. ज्याचा जीव घ्यायला आलो होतो त्याला छातीशी आवळून बसलो. अक्कानं डाव्या हातानं आणि उजव्याच्या चार बोटांनी पाय ओढला. तो गुरासारखा ओरडला, त्याचं सगळं अंग माझ्या अंगावर थडथडलं. तिच्या अंगठ्याचं रक्त त्याच्या नडगीवर ठिबकत होतं. हाड बसलं तेव्हा ती स्वतः भिंतीला टेकली, पांढरीफटक. मग बांबूच्या कामट्या लावून तिनं पाय बांधला.

मी ओरडलो, "अजून जीव आहे का तुझा या हलकटावर?"

"त्यानावर? थू!" ती म्हणाली. "आबानी माले माया लाईसन शिकाडं रे. ती माया मी कोठे ठेवू? मोडेल मानूस दिसना का मन्हा हात चालस..."

सव्वा महिन्यानं तिनं कामट्या सोडल्या, मला बोलावून घेतलं. दाजींना म्हणाली, "चाल." तो दारापर्यंत चालला. तिनं पुन्हा चालवलं, उंबऱ्याबाहेर. पाऊल सरळ पडतंय याची खात्री केली. म्हणाली, "मन्हं काम सरनं. आते जाय," आणि आतून कडी लावली. त्यानं पुष्कळ दार वाजवलं. तिनं उघडलं नाही. तिचा अंगठा कायमचा गेला. पुढं मरेपर्यंत डाव्या हातानं हाडं बसवत राहिली.

तिच्या अंत्ययात्रेत तो आला. म्हातारा झाला होता. मी तिरडीला खांदा दिला होता. तो खांदा द्यायला पुढं सरकला तसं माझं रक्त उसळलं, मूठ वळली. लोक बाजूला झाले. तो थांबला नाही, माझ्याकडे बघत चालत आला आणि माझी नजर त्याच्या पायावर गेली. एवढासुद्धा लंगडत नव्हता. मी दोन घाव घातलेली नडगी, आणि पाऊल कसं नीट, सरळ पडत होतं... अक्काच्या हातचं तेवढंच तर माझ्यासमोर चालत होतं. मी माझा खांदा काढला आणि त्याला जागा दिली.