हायर घेतलंस की रेट लागेल

शनिवारी पिंपरीच्या आमच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट... मी नववीत गेले होते आणि विषय निवडायचे होते. तेव्हा काही विषय 'हायर' म्हणजे अवघड आणि 'लोअर' म्हणजे सोपे, असे दोन प्रकारचे असायचे.

वर्गशिक्षिका पाटीलबाईंचं म्हणणं, मुलगी हुशार आहे, सगळंच हायर घेऊ द्या. मला फक्त गणित हवं होतं, पण ते अगदी मनापासून हवं होतं.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या कौतुकात काहीतरी काळंबेरं दिसलं. ते कंपनीत लेथवर होते. तिथे कामाचा वेळ मोजणारा टाइम स्टडीवाला साहेब घड्याळ घेऊन मागे उभा राहिला की सगळ्यांचे हात आपोआप हळू व्हायचे... कारण त्याच्यासमोर एकदा जास्त जॉब काढून दाखवले, की तोच रेट, म्हणजे रोज तेवढंच काम, अख्ख्या खात्याला कायमचा लागायचा.

त्यामुळे घरात फर्मान निघालं. "सगळं येतंय हे दाखवायचंच न्हाई. लोअर घे अन् आरामात पास हो."

मी त्या दिवशी जेवले नाही. संशयी स्वभाव मलाही त्यांच्याकडूनच आलाय, त्यामुळे वाटायला लागलं, मुलगी म्हणून मला मागे ठेवताहेत की काय... दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

शनिवारी पहिली शिफ्ट संपवून दादा तसेच कंपनीच्या कपड्यांत शाळेत आले. बाईंनी माझं भरपूर कौतुक केलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "बाई, हिनं जास्त काढलं तर बाकीच्या पोरांवर लोड येणार न्हाई ना?"

बाईंना काही कळेना. मला कळलं, आणि लाजेनं मान वर होईना... पण दादांबद्दलचा संशय तिथेच गेला. हा माणूस मला अडवत नव्हता, माझ्या वर्गाची काळजी करत होता.

शेवटी तडजोड झाली. एकच विषय हायर, गणित.

पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी पडले. दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लागला बघ रेट." मी हसण्यावारी नेलं.

सहामाहीला नव्वद आले. वर्गात पहिली होते, तरी बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, दहा कुठे गेले? शेजारच्या काकूंनी तेच विचारलं. आईनं तर दोनदा विचारलं, अभ्यास सोडून कुठे लक्ष होतं म्हणून...

दादांनी पेपर उलटसुलट करून पाहिला, बाजूला ठेवला. "दमली असशील. चहा टाकतो," म्हणाले.

पुढे कॉलेज, नोकरी, संसार... सगळीकडे कालच्यापेक्षा जास्तच मागणारी माणसं भेटली. दादा मात्र प्रत्येक साहेबावर, प्रत्येक मास्तरावर संशय घेत राहिले... माझ्या गेलेल्या दहा मार्कांवर त्यांनी कधीच घेतला नाही.