सुमनला बंद खोली नको होती

नाशिकहून सकाळची एसटी पकडली, तेव्हा त्र्यंबकपर्यंत धुकं होतं. घाट उतरून मोखाड्याला पोचले, तर जव्हारची गाडी नुकतीच गेलेली. चहा घेतला आणि जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं.

मी समुपदेशक आहे. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर (वस्तीवर) एका मुलीला भेटायचं होतं. तिचं नाव उघड करायला कायद्याची मनाई आहे. नसती तरी मी ते सांगितलं नसतं. तिला सुमन म्हणू.

सुमन लहानपणी एका निवासी शाळेत होती. तिथला अधीक्षक मुलींना मारायचा, कोठीत कोंडायचा. कोठीत आणखीही बरंच घडलं होतं. मोठी झाल्यावर सुमनने तक्रार केली, खटला उभा राहिला. अशा मुलीला वकील मोफत मिळतो, समुपदेशन मिळतं, तिची बोली जाणणारं माणूस सोबत मागता येतं. हे सगळं तिच्या हक्काचं. पण जव्हारच्या मदत केंद्रात बोलावलं की ती गप्प बसायची. तिला मदत नकोच असावी, असं तिथले लोक धरून चालले होते. आधी मीही तेच मानलं, मग मात्र ते पटेना.

जीपवाल्याने भलत्याच फाट्यावर उतरवलं. कापणी झालेल्या भातखाचरांतून चालत पाड्यावर पोचले, तेव्हा सुमनची मोठी बहीण जानी खळ्यावर भात झोडत होती.

"बाई, तू चालत आलीस? आदी भाकर खा." इथे सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, ऐकायला बरं वाटतं.

नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकटीची चटणी. सुमन समोर बसून माझ्याकडे बघत होती. माझी भाकर संपली, तशी म्हणाली, "केंद्रात येईन. पन जानी पायजे. मराठीत मला सगळं सांगता नाय येत."

"तुला जानीसमोर बोलायला चालेल?"

"तिला सगळं म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जव्हारला गेलो. केंद्रातल्या अधिकारी बाईंनी खोली उघडून दिली, पंखा लावला. सुमन ओट्यावरच थांबली.

"आत ये ना. दार लावून घेऊ, कुणी ऐकणार नाही," बाई म्हणाल्या.

"दार लावलं का मला ती कोठी दिसते."

"पण गुप्तता पाळावी लागते गं. बाहेर कसं बोलणार?"

मी सुमनलाच विचारलं, "मग कुठे बोलशील?"

"माळावर."

आम्ही तिघी जव्हारजवळच्या शिरपामाळावर पोचलो, तर पर्यटकांची फोटो काढायची घाई चाललेली. आम्ही उताराच्या बाजूला दूर जाऊन बसलो. खाली दरी, वारा, आणि हाकेच्या अंतरावर कुणी नाही. सुमन तिच्या बोलीत बोलू लागली, जानी मला मराठीत सांगत गेली. एका ठिकाणी जानी थांबली. पदर तोंडाला लावून रडायला लागली. सुमनने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उरलेलं स्वतः मराठीत सांगितलं. शब्द अडत होते, ती थांबत नव्हती. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

परत केंद्रात आल्यावर सुमन ओट्यावरूनच म्हणाली, "पुढल्या टायमाला बी माळावर. जानी बरोबर पायजे."

"नियमांत असं कुठे लिहिलेलं नाही," अधिकारी बाई चाचरल्या.

"बंद खोलीतच बसायचं, असंही कुठे लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

बाईंनी मानेने होकार दिला, आणि स्वतः उठून ओट्यावर आल्या.

सुमनचं अजून संपलं नव्हतं. "शाळेतल्या माझ्यासंगतीच्या पोरींना कोण सांगल, का त्यांना बी हे भेटतं?"

"तूच घेऊन ये त्यांना," बाई म्हणाल्या.

"आणीन. पन त्यांचा पाडा लांब. गाडी तुम्ही पाठवायची."

बाईंनी फोन लावला आणि गाडीचं विचारायला सुरुवात केली.

परतीच्या एसटीत घाट चढताना मी स्वतःलाही बोल लावला. सुमन गप्प बसायची, त्याचा अर्थ आम्ही लोकांनी आमच्या सोयीने लावला होता. मदत तिला हवी होती. आम्ही ती ज्या खोलीत ठेवली होती, ती खोली तिला नको होती.

पुढच्या महिन्यात गेले, तेव्हा सुमनबरोबर माळावर आणखी दोघी बसल्या होत्या. त्यांतली एक अजून काहीच बोलत नव्हती. सुमन मला म्हणाली, "घाई करू नको. ती आली ना."