पोटभर जेवू घालून बारीक करणारी मावशी

माणसाला उपाशी ठेवून बारीक करणं यात काही कर्तबगारी नाही, ते दुष्काळालाही जमतं. पण माणसाला तुडुंब जेवू घालून, ढेकर द्यायला लावून, वर "बास आता, जागा न्हाई" असं त्याच्याच तोंडून वदवून बारीक करणारी बाई जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून एकच झाली, आणि ती माझी सख्खी मावशी निघाली हे माझं भाग्य. राजुरीला दिलेली ही मावशी उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. कुणाला वाकडं बोलली असेल तर शपथ. तरीही मला तिचा धाक वाटायचा, आजही वाटतो. ती परात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली की भलेभले मांडी सावरून बसत.

तिच्या घरून कुणी न जेवता गेला असं झालं नाही. मीटर बघायला आलेला वायरमन, म्हैस बघायला आलेलं गिऱ्हाईक, पत्ता विचारायला थांबलेला ट्रकवाला, सगळे जेवूनच सुटायचे. एकदा तर मुलगी बघायला निघालेली बेल्ह्याकडची मंडळी घर चुकून तिच्या ओसरीवर येऊन बसली. मावशीनं पाणी दिलं, पानं मांडली, मासवड्या आणि तिखटजाळ रस्सा वाढला. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं "मुलगी कुठंय?" असं विचारायला तोंड उघडलं, तर त्यात तिनं मासवडी घातली. "जेवा आधी. मग सांगा कुणाकडं आलाय ते." ती मंडळी खऱ्या घरी पोचली तेव्हा त्यांना घोटभर चहासुद्धा जाईना. मुलीच्या बापाला वाटलं, यांना स्थळ पसंत नाही. लग्न मोडता मोडता राहिलं. मावशीला याचं काडीचं वाईट वाटलं नाही. उपाशी माणसानं मुलगी बघूच नये, असं तिचं मत.

अशा बाईचा नवरा कसा असणार? आमचे काका म्हणजे एक प्रस्थ होतं. लुनावर बसून ते मळ्यात निघाले की लांबून लुना दिसायचीच नाही, काका आपोआप सरकत येताहेत असं वाटायचं. एसटीत ते खिडकीशी बसले की शेजारचा माणूस एका मांडीवर प्रवास करायचा. खाण्यातही माणूस दर्दी. ताटातली बाजरीची भाकरी संपायच्या आत दुसरी आली नाही तर काका दाराकडे असे बघायचे की घरात काही अशुभ घडलंय की काय असं वाटावं. आणि गोडवा इतका, की त्यांच्यावर रागावताही येऊ नये. "पोट रिकामं झालं ना राव," ते मला सांगायचे, "की आतून कुणीतरी मला हाका मारतंय असं वाटतंय. झोप लागत न्हाई."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटापर्यंत. मी तेव्हा जुन्नरला नोकरीला होतो. काकांना ओसरीची पायरी चढताना धाप लागायला लागली, म्हणून मावशी त्यांना घेऊन जुन्नरला आली आणि मी दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, वजनकाट्यावर उभं केलं आणि विचारलं, "वडील कशानं गेले?"

"बसल्या जागी," काका म्हणाले.

"आणि भाऊ?"

"थोरला भाऊ? त्यो बी बसल्या जागी. जेवून बसला व्हता."

दोघांपैकी कुणी पन्नाशी गाठली नव्हती, आणि काकांची पन्नाशी तोंडावर आली होती. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "काका, असंच खात राहिलात तर तुम्हीही असेच जाल. वजन उतरवायचं. दुसरं औषध नाही." काकांनी मान डोलावली आणि बाहेर पडल्या पडल्या स्टँडवरच्या भजीच्या गाडीकडे वळले. त्यांना राजुरीला पोचवायला मीही एसटीत बसलो. नारायणगाव सुटल्यावर मावशी मला हळूच म्हणाली, "मीच खाऊ घातलं रं. आता मीच उतरवीन. मला ह्यांना घालवायचं न्हाई."

काकांची अट एकच. "उपाशी ऱ्हाणार न्हाई. मरंन, पण भरल्या पोटी मरंन." पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं तसं मावशीनं दोन चपात्या आणि वाटीभर वरण वाढलं. काकांना वाटलं, ही चव बघायला दिलीय. खरं कळलं तेव्हा ते उठले, लुना काढली आणि शेजारच्या गावात कुणाचं तरी दहावं होतं तिथं जाऊन पंगतीला बसले. गेलेल्या माणसाशी यांचं नातं सोडा, तोंडओळखही नव्हती. तिथं म्हणे इतके हळहळत जेवले की घरच्या लोकांनी जवळचा माणूस समजून त्यांना निरोप द्यायला वेशीपर्यंत माणूस पाठवला.

मावशीनं त्या दिवशी कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. चुलीपुढं बसून विचार केला आणि म्हणाली, "डागदरनी कमी खायला सांगितलंय. ताट ल्हान करा असं कुठं सांगितलंय?" आणि दुसऱ्या दिवसापासून काकांच्या पुढं ताटाऐवजी परातच आली.

काय त्या परातीचा थाट वर्णावा! आधी तांब्याभर पातळ ताक, जिरं लावलेलं. ते संपलं की हुलग्याचं कढण, वाफाळतं, लसणाची फोडणी दिल्यासारखं वाटावं इतपतच तेल. "हे तर आपण बैलाला चारतो," काका पहिल्या दिवशी म्हणाले. "बैल कवा बसल्या जागी गेलेला पाह्यलाय का?" मावशी म्हणाली, आणि काका मुकाट्यानं प्यायले. मग काकडी, मुळा, टोमॅटो, कांद्याची पात असा सगळा मळा चिरून एका पातेल्यात. मग मेथी, नाहीतर चाकवत, नाहीतर तांदुळजा, पण वाटीत नाही, ढिगानं. मग शेवग्याच्या शेंगांची आमटी. ही आमटी म्हणजे तिची खास चाल होती. शेंग गिळता येत नाही, चोखावी लागते, आणि चोखता चोखता माणूस दमतो. एवढं सगळं झालं की शेवटी, अगदी शेवटी, भाकरी यायची. तोवर काका घामाघूम होऊन भिंतीला टेकलेले असायचे. आलेल्या भाकरीकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघायचे आणि एकच खायचे. वर घरी पाहुणा नसला की हे सगळं ती वाढायची विहिरीवर, मळ्याच्या टोकाला. लुनाची चावी तिच्या कमरेला. जेवायचं असेल तर चालत या. काका इतर कुठल्या कारणासाठी एवढं चालले नसते, जेवणासाठी मात्र अशी पावलं उचलायचे की वाटेतली कुत्री बाजूला व्हायची.

पण मला थक्क केलं ते तिच्या दुसऱ्याच गोष्टीनं. आमच्याकडे घरचा पुरुष जेवून उठल्यावर बाई जेवायला बसते, उरलंसुरलं घेऊन. पिढ्यान् पिढ्या हेच. मावशीनं एके दिवशी काकांच्या परातीशेजारी आपलं ताट मांडलं आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसली. तेच ताक, तेच कढण, तोच पाला, तीच एक भाकरी. काका म्हणाले, "अजून अर्धी दे." टोपलीत भाकरी नव्हतीच. मावशीनं आपल्या भाकरीतली अर्धी मोडून त्यांच्या पुढं ठेवली. पहिल्या दिवशी काकांनी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी निम्मी परत केली. पुढं पुढं मागणंच थांबलं. एक शब्द न बोलता, एक डोळा न वटारता या बाईनं काकांच्या हातातली भाकरी थांबवली, आणि मी म्हटलं, बाबा रे, हिच्यापुढं आपण काय बोलावं!

काका उतरायला लागले. विजार कमरेवर थांबेना, हनुवटीखाली मान आहे असं बऱ्याच वर्षांनी लोकांना कळलं. गावच्या जत्रेत एक जुना पाहुणा त्यांच्याच शेजारी उभा राहून त्यांनाच विचारू लागला, "पावणं, ते जाडं काका व्हते ते दिसत न्हाईत. बरं हाय ना त्यांचं?" काका म्हणाले, "लई बरं हाय," आणि एवढे खूश झाले की त्याला घरी जेवायलाच घेऊन आले.

लोकांना मात्र बारीक झालेला माणूस बघवत नाही. काकांना काहीतरी मोठं दुखणं आहे आणि घरचे लपवताहेत असं ठरलं. मग रीतच ती, पाहुणे आजाऱ्याला बघायला यायला लागले, डबे भरून डिंकाचे लाडू घेऊन. मावशी डबा हसून घ्यायची आणि त्यातले लाडू आणणाऱ्यालाच खाऊ घालून रिकामा डबा परत द्यायची. पण पाणवठ्यावरच्या बायकांनी दुसरंच काढलं. "नवऱ्याबरोबर जेवती म्हणं. त्याच्या वाटचं खाती, मग त्यो वाळंल न्हाई तर काय?" दोन तालुक्यांना जेवू घातलेल्या बाईवर हा आळ! मी संतापलो. मावशी म्हणाली, "म्हणू दे. ते जिते ऱ्हाऊ दे, मग काय बी म्हणू दे."

हे बोलणं उडत उडत अवसरी बुद्रुकला पोचलं. तिथं काकांची थोरली बहीण दिलेली, सगळे तिला आक्का म्हणायचे. एका रविवारी आक्का जीप करून आल्या आणि दारातच थबकल्या. समोर भाऊ आणि भावजय शेजारी शेजारी बसून पाला खात होते. "बाबू!" आक्का किंचाळल्या. "काय दशा केली रं हिनं तुझी! आमच्या बापाच्या घरात असं कुणी जेवलं नव्हतं." मावशीनं पाणी दिलं तेही घेतलं नाही. तिथल्या तिथं भावाला जीपमध्ये घातलं. जाताना मावशी एवढंच म्हणाली, "आक्का, भाकरी शेवटी द्या." "आता तू मला शिकीव!" म्हणत जीप गेली.

त्या दुपारी मावशीला मी पहिल्यांदा काही न करता बसलेलं पाहिलं. ती जीप गेली त्या वाटेकडं बघत होती. "तिकडं तुपातली पुरणपोळी व्हईल," ती म्हणाली. "पुन्हा ती चव लागली तर माझ्याच्यानं दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं रं."

पुढचं आक्कांनीच नंतर सांगितलं. पहिल्या पंगतीला काकांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि इकडंतिकडं बघायला लागले. "आधीचं कुठंय?" "आधीचं काय?" "ताक. कढण. पाला." आक्कांनी आणखी पोळ्या वाढल्या. काकांनी खाल्ल्या, पण तोंड उतरलेलंच. "आक्का, पोट दडपलं गं, भरलं न्हाई." चार दिवस तूप-साखर झाली, आणि दरवेळी काका उठताना उपाशी माणसासारखे उठायचे. शेवटी म्हणाले, "मला घरी सोड. मला भूक लागलीय." आक्कांचा संताप झाला, पण भाऊच तो, घेऊन आल्या.

मी तेव्हा तिथंच होतो. मावशीनं परात मांडली, आक्कांनाही मांडली. आक्का हट्टानं जेवायला बसल्या, या जेवणात काय गोम आहे ती पकडायला. ताक झालं, कढण झालं, पाल्याचा ढीग निम्मा झाला आणि आक्का दम घेत म्हणाल्या, "माझं झालं की गं! भाकरी तर यायचीच हाय!" काका पोरासारखे खुदकन हसले. मग अवसरीची चार दिवसांची सवय म्हणा, बोलून गेले, "अजून अर्धी दे गं." मावशीनं आपली भाकरी मोडली आणि हात पुढं केला.

आक्कांनी तो हात मधेच धरला.

धरला आणि सोडेनात. बांगड्या मनगटावरून घरंगळून पार कोपरापर्यंत गेल्या होत्या. आम्ही सगळे वर्षभर काकांकडं बघत होतो, किती उतरले, किती उतरले म्हणून. तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. "बाबू," आक्का म्हणाल्या, "हिचा हात बघ. ही तुझ्या वाटचं खाती म्हणून मी गावभर बोलले. ही तर सोताच्या वाटचं बी तुला घालतीय." मग मावशीकडं वळून, आवाज पार खाली आणून, "अगं, तू दिवसभर रानात खुरपाय जाती. ह्या पाल्यावर तुझं कसं भागतंय? तुला भूक लागत न्हाई?"

"लागती की," मावशी सहज म्हणाली. "दुपारच्याला लई लागती. पर त्यांच्यासमोर मी तूप-भाकर खाल्ली तर त्यांना रिकामं वाटंल. मला उपाशी झोप येती आक्का. त्यांना येत न्हाई."

काका उठले. जन्मात चुलीकडं न फिरकलेला माणूस आत गेला, भांडी पाडली, तुपाची बरणी शोधून आणली आणि मावशीच्या भाकरीवर तूप ओतलं, धार लागेपर्यंत. मग तिच्या पुढ्यात मांडी घालून बसले. त्या तुपाचा वास आमच्या सगळ्यांच्या नाकात भरला होता. काकांचा हात गुडघ्यावरून हलला नाही.

पुढं ती दोघं रोज अशीच जेवली, त्यांचं त्यांचं, तिचं तिचं, समोरासमोर. काकांनी पन्नाशी ओलांडली, मग साठीही, पायी मळ्यात जात. पण मला आठवते ती तीच दुपार. मावशीनं खाली मान घालून शेवटचा घास खाल्ला, आणि काकांनी वाकून तिला विचारलं, "भरलं का गं पोट?" आयुष्यभर तिनं हा प्रश्न साऱ्या जगाला विचारला होता. तिला तो कुणी विचारलेला मी तरी त्याआधी ऐकला नव्हता. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बास आता, जागा न्हाई."