सोनूबाईने माईक घेतला

सोनूबाई जालन्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर आली आणि घाटकोपरला हायवेच्या कडेच्या वस्तीत राहिली. लोक जिवाची मुंबई करायला येतात, ही आली ती मुंबई उभी करायला. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत कितीतरी इमारतींवर तिने वाळू-सिमेंटची घमेली वाहिली होती. बसमधून जाताना खिडकीतून बोट दाखवायची, ही माझी, ती माझी. शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगायची. आता तिथला वॉचमन आपल्याला आत सोडणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण तेवढ्याने इमारत दुसऱ्याची होते होय?

शहाऐंशी साली कांजूरमार्गच्या एका सातमजली कामावर तिची नलिनीशी गाठ पडली. नलिनी अंधेरीची, मूळची देवगडकडची. संपानंतर बापाची गिरणी कायमची बंद पडली, तरी शिकवण्या घेऊन पोरीने सिनेमाचं वेड पोसलं होतं. वेड नाचगाण्याचं नाही, खऱ्याखुऱ्या माणसांच्या माहितीपटांचं. इमारती बांधणाऱ्या बायांवर तिला छोटा माहितीपट करायचा होता. कॅमेरा उसना, आणि आवाजाचं मशीन सांभाळायला नंदू नावाचा मित्र. बांबूच्या परांचीवर चढणाऱ्या बायांमध्ये सोनूबाईची चाल तिला आवडली. सोनूबाईने विचारलं एवढंच की, माझं तोंड नीट दिसेल ना.

कामावरचं शूटिंग झालं आणि घरी यायचा दिवस ठरला. सोनूबाईने भिंतीला चुना काढला, स्टीलची भांडी घासून फळीवर मांडली आणि बुद्धपौर्णिमेला नेसायची पांढरीशुभ्र साडी नेसली. नलिनीला रोजची विटकी साडी हवी होती. पाहुणे आल्यावर विटकं कोण नेसतं, म्हणून सोनूबाईने तिचं ऐकलं नाही. धोंडिराम, म्हणजे तिचा नवरा, कुर्ल्याला कारखान्यात पाळीवर गेलेला. कुंकू या घरात सासूने बौद्ध धम्म घेतला तेव्हापासूनच सुटलेलं, आणि मंगळसूत्र एकदा परांचीच्या बांबूत अडकून तुटलं तेव्हापासून डबीत.

पांढरी साडी, मोकळं कपाळ, मोकळा गळा. नलिनीने मनाशी जे समजायचं ते समजून घेतलं. विचारलं मात्र नाही. असलं काही विचारून बाईचं मन दुखवू नये, हे तिला आईने शिकवलं होतं. चांगल्या वळणाची माणसं अशीच चुकतात; वाईट माणूस निदान तोंडावर विचारून मोकळा होतो.

फिल्म जोडून झाली, तेव्हा ती मुकीच होती, आवाज चढायचा होता. पण नलिनी शब्दाची पक्की. आधी वस्तीला दाखवेन म्हणाली होती, त्याप्रमाणे एका रविवारी संध्याकाळी विहारासमोर पांढरी चादर बांधली गेली. मंडळाने लाऊडस्पीकर दिला. निवेदन नलिनी माईकवर वाचणार होती. धोंडिराम इस्त्रीचा शर्ट घालून बायकोशेजारी पुढे बसला.

प्रोजेक्टर सुरू झाला. पडद्यावर पांढऱ्या साडीतली सोनूबाई आली आणि नलिनीने वाचलं, तरुणपणीच वैधव्य आलेली सोनूबाई आज एकाकी आहे, असहाय आहे.

 मग अख्खी वस्ती धोंडिरामकडे वळली. कुणीतरी मागून विचारलं, धोंडिरामभाऊ, कधी गेलात, कळवलं पण नाही. हसण्याचा असा लोंढा आला की प्रोजेक्टर बंद करावा लागला. नलिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेला धोंडिराम बिचारा कॉलर नीट करत बसला.

सोनूबाई मात्र हसली नाही. ही फिल्म गावोगाव जाणार, हे तिला नलिनीनेच सांगितलं होतं. इथे जित्याजागत्या नवऱ्याकडे बोट दाखवता आलं, तिथे कोण दाखवणार? तिथे पोरगी जे वाचेल तेच खरं. आणि विधवा तर चुकून म्हणाली, पण असहाय? ते कुणी ठरवलं? ती उठली, पदर खोचला आणि नलिनीपुढे जाऊन उभी राहिली.

"पोरी, चित्र तू काढलंस, झकास काढलंस. आता बोलू मला दे."

कित्येक महिने खपून लिहिलेलं निवेदन नलिनीच्या हातात होतं. दुसरी असती तर मावशी, तुम्ही बसा म्हणाली असती. तिने कागद खाली ठेवले, माईक दिला आणि फिल्म पहिल्यापासून लावायला सांगितली. या एका गोष्टीसाठी त्या पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

नंदूने गुपचूप आपलं मशीन सुरू केलं. पुढे अंधेरीच्या स्टुडिओत सोनूबाईकडून तेच शब्द स्वच्छ म्हणवून घ्यायचा प्रयत्न झाला, पण काचेच्या खोलीत ती शाळेत कविता म्हणावी तशी बोलली. शेवटी वस्तीतलाच आवाज फिल्मवर चढला, मागच्या कुत्र्यांसकट आणि कुकरच्या शिट्ट्यांसकट.

त्या संध्याकाळी पहिलंच वाक्य ती बोलली, "म्या सोनूबाई धोंडिराम साळवे." जन्मात नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं, ते लाऊडस्पीकरवर घेतलं. पांढरी साडी आमची सणाची असते हे सांगितलं. परांचीवर पाय कसा टाकायचा, घमेलं चढलं की मान कशी धरायची, कुठल्या मुकादमाला कसं सरळ केलं, सगळं सांगितलं. बाया खदखदून हसत होत्या. धोंडिरामची छाती इस्त्रीच्या शर्टात मावत नव्हती.

शेवटचं चित्र आलं. सातव्या मजल्याच्या कडेला सोनूबाई उभी, डोक्यावर रिकामं घमेलं, नजर लांब. इथे नलिनीच्या कागदावर लिहिलेलं होतं की तिची नजर शून्यात लागली आहे.

सोनूबाईने पडद्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "हितं म्या आपली वस्ती बगत व्हते. एवढ्या वरनं दिसती का म्हनून. हायवेचं वळण दिसलं, त्याच्या कडंला आपली पत्र्याची घरं दिसली. म्हनून हसले."

पडद्यावरची सोनूबाई खरंच हसत होती. जोडताना नलिनीने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला होता. ते हसू तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.