सारजाबाईंचा पिवळा तुकडा

आमचे हे, शब्बीर, पौडच्या बाजारपेठेत वाढलेले. चौऱ्याऐंशी साली रोज एसटीनं पुण्याला नकाशाच्या कचेरीत जायचे. तितं कॉम्प्युटर होता. जमिनीच्या प्रत्येक गटाला एक आकडा द्यायचा: पिकाला एक, पडीक जमिनीला चार. आकडा वाचून नकाशा काढायचं यंत्र आपोआप त्या रंगाचं पेन उचलायचं. एकाला हिरवं, चाराला पिवळं. तो प्रोग्राम ह्यांनीच लिहिलेला. काय ती ऐट! जेवतानाबी तेच पुराण.

मग कच्चा नकाशा डोंगराकडच्या रिहे गावच्या चावडीत लागला, नि तिथल्या सारजाबाई आमच्या दारात आल्या. सासूबाईंच्या जिवाभावाच्या, ह्यांना लहानपणी कडेवर घेऊन फिरलेल्या.

"शब्बीर, माझा डोंगरावरचा तुकडा पड कुणी केला रं? पिवळ्या जागंवर सरकार झाडं लावून कुंपण घालनार म्हनत्यात."

"औंदा पीक न्हवतं ना तितं," हे म्हणाले.

"आरं येड्या, तीन वर्सं नाचणी घ्यायची, चार वर्सं जमिनीला इसावा द्यायचा. डोंगरावर असंच करत्यात."

ह्यांचा चेहरा उतरला. दुकानदाराच्या पोराला डोंगरावरची शेती काय ठाऊक! एकाच सालाचं पीक बघायचं, हा नियम ह्यांनीच घातलेला.

साहेबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मागची सालं धरली तर निम्मं पिवळं जाईल. आकडे वर कळवून झालेत." मला असा संताप आला! म्हटलं, सोडा ती नोकरी.

"सोडली तरी नकाशा तोच निघंल," हे म्हणाले.

शेवटी ह्यांनी गुपचूप सारजाबाईंच्या गटाचा आकडा चारचा एक केला, नि त्यांना तसं कळवलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या आल्या, मागं त्यांच्या तुकड्याशेजारचे बिरू, गेणबा नि गोजराबाई.

"आमचंबी हिरवं करा," बिरू म्हणाला. "आमी काय घोडं मारलंय?"

ह्यांनी मान खाली घातली. "एक गट खपून जाईल. चार गट बदलले तर साहेब धरंल, सगळेच परत पिवळे करंल."

सारजाबाई उठल्या. "मंग माझंबी पिवळं कर."

"अवं, असं काय करताय!" मी ओरडलेच.

"ह्यांच्या जमिनीला कुंपण, नि मी एकलीच नाचणी पेरू व्हय? मला ह्यांच्यातच ऱ्हायाचंय."

दुसऱ्या दिवशी हे गेले नि आपल्या हातानं परत चार केला.

घरी येऊन उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "दिलशाद, यंत्रानं काहीच विचारलं न्हाई गं."