नऊ फरश्या

आमची बाल्कनी नऊ फरश्या लांब आहे. हे मला बिल्डरने सांगितलं नाही, कासवाने सांगितलं. मुलगा चौथीत असताना एका नातेवाइकाने ते पिशवीतून आणून दिलं. मुठीएवढं पिल्लू, पाठीवर पिवळ्या चांदण्या. कासव असलं की घरात लक्ष्मी टिकते म्हणे. मुलगा शिकला, नोकरीला लागला आणि पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला राहायला गेला. ट्रॅफिकमुळे महिन्यातून एकदा येतो. कासव मात्र आमच्याकडेच राहिलं. त्याची चाल आणि चेहऱ्यावरचा तुसडेपणा बघून आम्ही त्याला साहेब म्हणायचो.

सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत बसले की साहेब माझ्या पायापासून निघायचे, नऊ फरश्या चालायचे, वळायचे आणि थेट माझ्याकडे परत यायचे. कुठे वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसले, तर मी वाटीवर चमचा वाजवायची. काकडी आली हे त्यांना बरोबर कळायचं. दर रविवारी मी त्यांच्या पाठीला खोबरेल तेल लावायची. चांदण्या कशा लखलखायच्या! आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवायची, "बघा, वळून माझ्याकडेच येतो."

"अगं, कासव पाळणं गुन्हा आहे," नवरा अधूनमधून म्हणायचा. "वनखात्याला देऊन टाकू."

"आधी तुम्हाला देते," मी म्हणायची. विषय तिथेच संपायचा.

मागच्या हिवाळ्यात मुलाने आम्हा दोघांना बेटांच्या क्रूझवर पाठवलं. साहेबांना शेजारणीकडे ठेवलं, सोबत दीड पान सूचना. जहाजावर सगळं छानच होतं, पण माझा अर्धा जीव बाल्कनीत होता. तिसऱ्या दिवशी लहान बोटीतून आम्हाला एका बेटावर नेलं. तिथे कासवांचं संवर्धन केंद्र होतं. पलंगाखाली मावणार नाहीत एवढी कासवं, मोठं गवताळ कुंपण, मधे झाडं. केंद्रातली एक बाई माहिती सांगत होती आणि आमच्या टूरबरोबर आलेली पुण्याची मुलगी ती मराठीत करून देत होती.

बाकीची कासवं चरत होती. एक मात्र बाजूला एकटंच चालत होतं. थोडं पुढे जायचं, वळायचं, आमच्याकडे यायचं. परत तेच. मला भरूनच आलं. मी मोठ्याने म्हणाले, "अहो, बघा, थेट आपले साहेब! माणसांची ओढ आहे त्याला."

मुलीने ते त्या बाईला सांगितलं. बाई हसली नाही. शांतपणे काहीतरी बोलली.

"काकू, ती म्हणतेय, हा रेस्क्यू केलेला आहे," मुलगी म्हणाली. "कोणाच्या तरी मागच्या अंगणात वाढला. तिथे जेवढ्या अंतरावर भिंत होती, तेवढं चालून तो अजून वळतो. इथे येऊन बरीच वर्षं झाली, तरी."

मी विचारलं, "आणि पाठीला तेल लावलं तर चालतं का?"

बाईने उलट विचारलं, "कशाला?"

टोमण्याची एक संधी न सोडणारा माझा नवरा तेव्हा नुसती माझी पर्स घेऊन बोटीकडे चालायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्री जेवण गेलं नाही. स्वतःचा राग येत होता. पंचवीस वर्षं ज्याला मी माया समजत होते, ती भिंत होती. "वनखात्याला देऊन टाकायचा त्याला," मी केबिनमध्ये म्हणाले. नवरा म्हणाला, घरी गेल्यावर बोलू. मी म्हणाले, बोलायचं काही उरलेलं नाही.

पुण्यात परतल्यावर आठवड्यात आम्ही साहेबांना टोपलीत घालून वनखात्याने सांगितलेल्या प्राण्यांच्या केंद्राकडे निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा साहेबांनी टोपलीतून मान बाहेर काढली आणि मला वाटलं, फिरवावी रिक्षा. फिरवली नाही. तिथल्या अधिकाऱ्याने मला चांगलंच सुनावलं. एरवी एकाला दोन ऐकवणारी मी, खाली मान घालून ऐकून घेतलं. काही दिवस वेगळं ठेवून मग त्याला इतर कासवांत सोडू, असं तो म्हणाला. महिन्यातून एकदा बघायला यायची परवानगी मिळाली.

पहिल्या भेटीत साहेब जाळीपासून निघाले, नऊ फरश्यांएवढं मोकळं गवत चालले, वळले आणि परत जाळीपाशी आले. मी तिथेच रडले. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्याही. "भिंत नाहीये रे पुढे," मी म्हणायची. माझं ऐकून कोण सुधारलंय आजवर?

गेल्या रविवारी परत गेलो. साहेब निघाले. मी मनात फरश्या मोजत होते. सात, आठ, नऊ. साहेब थांबले. मान लांब केली. नवऱ्याने जाळी घट्ट धरली होती. मग साहेबांनी पुढचा पाय उचलला आणि तो पुढेच टाकला. दहा. अकरा. पलीकडे झुडपाखाली बाकीची कासवं होती, तिकडे ते हळूहळू निघाले.

"हाक मारतेस का?" नवऱ्याने विचारलं. माझ्या पर्समध्ये वाटी-चमचा असतो, हे त्याला माहीत होतं. दर वेळी नेते.

"नको," मी म्हणाले. "साहेब कामात आहेत."